शनिवारचा पेपर: प्राध्यापकांच्या वाचन-गटाच्या नोंदी, इंदूर

६ जुलै २०२४, शनिवार

गट आज सुरू झाला. आमचं सायन्स-कॉमर्स कॉलेज, आम्ही नऊ जण, आणि ठरलं असं की एक शनिवार सोडून एक, दुपारी तीनला प्रॅक्टिकल संपले की सेमिनार रूममधे बसायचं आणि "मुलं शिकतात कशी" यावरचा एकेक संशोधन पेपर वाचायचा. निम्मे मराठी, बाकीचे हिंदीभाषी, म्हणजे पेपर इंग्रजी आणि बोलणं दोन्ही भाषांत. नोंदी मराठीत ठेवतेय कारण ग्वाल्हेर-बडोद्याकडच्या दोघीतिघींनी आधीच विचारलंय की तुमचं जमलं तर सांगा, आम्हालाही करायचंय.

मी गणित शिकवते. मुलं परीक्षेच्या आदल्या रात्री जागून हायलायटर फिरवतात, सीसीईत (कॉलेजच्या अंतर्गत मूल्यमापनात) मार्कही बरे पडतात, आणि पुढच्या टर्मला कॅल्क्युलसमधला साधा चेन रूल विचारला की वर्ग गप्प. दोष मुलांच्या आळसाचा असं म्हणून स्टाफरूममधे विषय संपतो, मला ते पटत नाही. मुलं मेहनत करतातच, पण ती चुकीच्या जागी जातेय, आणि योग्य जागा कोणती यावर लोकांनी शंभर वर्षांहून जास्त काम केलंय (जर्मन मानसशास्त्रज्ञ एबिंगहाउसने स्वतःवरच विसरण्याचे प्रयोग करून छापले ते १८८५ साली), ते आपण शिक्षकांनीच वाचलेलं नाही.

प्राचार्यांची परवानगी तोंडी मिळाली. लेखी मागा असं मी आता सगळ्यांना सांगेन, कारण रूमची किल्ली कुणाकडे यातच पहिली वीस मिनिटं गेली.

२० जुलै, शनिवार

पहिल्याच पेपरला गाडी अडली. डनलॉस्की आणि सहकाऱ्यांचा २०१३ चा मोठा आढावा घेतला होता, अभ्यासाच्या दहा पद्धती आणि कुठली किती उपयोगी. निवड कागदावर एकदम बरोबर, सगळं एकाच जागी. पण तो आहे पंचावन्न पानांचा! भंवरकुआँला झेरॉक्स काढल्या, दीड रुपया पान, नऊ सेट, जवळपास साडेसातशे रुपये गेले आणि पूर्ण वाचून आले फक्त दोघं. मग कॉमर्सच्या मॅडमनी पीपीटी दाखवली, चांगली केली होती, सगळ्यांनी माना डोलावल्या, चहा झाला, घरी गेलो.

सार एवढंच की दहापैकी दोनच पद्धतींना वरचा दर्जा मिळालाय: स्वतःची परीक्षा घेणं, आणि अभ्यास दिवसांमधे पसरवणं. पुन्हा पुन्हा वाचणं, अधोरेखन करणं, सारांश काढणं हे सगळं खालच्या गटात. म्हणजे आमची मुलं जे करतात तेच. हे कळल्यावर खोलीत जी अस्वस्थता यायला हवी होती ती आली नाही, आणि मला वाटतं दोष पीपीटीचा. समोर सगळं इतकं स्वच्छ मांडलेलं असतं की आपल्याला ते आधीपासून माहीतच होतं असं वाटायला लागतं.

नवीन नियम: दहा पानांपेक्षा मोठा पेपर नाही. मोठा असेल तर ठरलेली पानंच. झेरॉक्स सगळ्यांना नको, ज्यांना मोबाईलवर चालतं त्यांना पीडीएफ. (पीडीएफसाठी आधी एन-लिस्टवर, म्हणजे कॉलेजांसाठीच्या ऑनलाइन जर्नल-सेवेवर बघा, तिथे नसेल तर लेखकाच्या युनिव्हर्सिटीच्या पानावर बरेचदा असते. आमच्या लायब्ररीतल्या ताईंना नावं दिली की त्या दोन दिवसांत शोधून देतात.)

३ ऑगस्ट, शनिवार

आजचा दिवस महत्त्वाचा, म्हणून सविस्तर लिहिते.

सुरुवातीलाच सगळ्यांना कोरा कागद दिला आणि म्हटलं की मागच्या वेळच्या पेपरमधलं जे आठवतंय ते लिहा, दहा मिनिटं, मोबाईल नाही. शांतता पसरली. मग केमिस्ट्रीचे सर, रिटायरमेंटला दोन वर्षं राहिलीत, सगळ्यांचे ज्येष्ठ, कागद बाजूला सारून म्हणाले, "मॅडम, ही आमची परीक्षा आहे का?" आवाज चढलेला नव्हता पण दुखावलेला होता. दोन तरुण सर लगेच पेन ठेवून बसले. मला वाटलं गट इथेच मोडतो की काय.

सरांचा मुद्दा खरा होता. ज्याने तीस-बत्तीस वर्षं पेपर तपासले त्याच्यासमोर कोरा कागद ठेवणं ही साधी गोष्ट नाही, आपल्याकडे तर नाहीच. सगळ्यांसमोर लगेच ठरवलं की कागद कुणी गोळा करणार नाही, कुणी बघणार नाही, वाचूनही दाखवायचा नाही, आपापल्या खिशात ठेवा नाहीतर फाडून टाका. आणि मीही लिहिणार. सर थोडा वेळ बसले आणि मग त्यांनी लिहायला घेतलं.

दहा मिनिटांनी विचारलं, वरच्या दर्जाच्या पद्धती किती होत्या? कुणी तीन म्हणालं, कुणी पाच. ज्यांनी पीपीटी केली होती त्या मॅडमना बाकी सगळ्यांपेक्षा जास्त आठवत होतं. पेपर खोदून काढायचं काम त्यांनी केलं होतं, आम्ही फक्त बघत होतो. ती अस्वस्थता आज आली.

मग पेपर काढला तो रोडिगर आणि कार्पिके, २००६, सातच पानं. विद्यार्थ्यांना एक छोटा उतारा दिला. एका गटाने पाच-पाच मिनिटांच्या चार फेऱ्यांत तो फक्त वाचला. दुसऱ्या गटाने एकाच फेरीत वाचला आणि उरलेल्या तीन फेऱ्यांत उताऱ्याकडे न बघता आठवेल ते लिहून काढलं. पाच मिनिटांनी परीक्षा घेतली तर वाचणारे पुढे, ८३ टक्के विरुद्ध ७१. आठवड्याने घेतली तर वाचणारे ४० वर आणि लिहिणारे ६१ वर. म्हणजे एका गटाने उतारा सरासरी चौदा वेळा वाचला होता, दुसऱ्याने तीन-साडेतीन वेळा, आणि आठवड्यानंतर टिकलं ते दुसऱ्याचं. आणि पुढे किती आठवेल असं विचारलं तेव्हा सगळ्यात खात्रीने बोलले होते ते वाचणारे.

सर म्हणाले, "म्हणजे आदल्या रात्रीचं वाचन सकाळच्या पेपरला चालतं, म्हणून मुलं ते सोडत नाहीत." अख्ख्या पेपरचं मर्म त्यांनी एका वाक्यात पकडलं. मुलं मूर्ख नाहीत, त्यांना परीक्षा लगेच द्यायचीय आणि लगेचसाठी त्यांची पद्धत खरंच काम करते. आपण परीक्षाच अशा ठेवल्यात.

१७ ऑगस्ट, शनिवार

आज वाद झाला आणि वेळ गेला, पण फुकट नाही गेला.

आमच्या स्टाफरूममधे एक फ्लेक्स आहे, जुन्या कुठल्याशा वर्कशॉपचा, त्रिकोण: वाचलेलं १० टक्के आठवतं, ऐकलेलं २० टक्के, शेवटी दुसऱ्याला शिकवलेलं ९० टक्के. त्याच्याच शेजारी कोण बघून शिकणारा, कोण ऐकून, कोण हाताने करून, याचा तक्ता. एज्युकेशनच्या मॅडम हे दोन्ही दर वर्षी नव्या मुलांना समजावतात, मनापासून.

त्रिकोणाचं असं की तो अमेरिकन शिक्षणतज्ज्ञ एडगर डेलच्या नावावर खपवतात. डेलने १९४६ मधे अनुभवांचा शंकू काढला होता हे खरं, पण त्यात टक्केवारी नव्हती, ते गोल आकडे नंतर कुणीतरी चिकटवले. हे मॅडमनी मान्य केलं, थोड्या नाराजीने. पण शिकण्याच्या शैलींवर त्या अडल्या: "मी वर्गात बघते ना, काही मुलांना आकृतीशिवाय कळतच नाही."

इथे पाशलर, मॅकडॅनियल, रोरर आणि बियोर्क यांचा २००८ चा आढावा फार उपयोगी पडला, कारण ते नुसतं "खोटं आहे" म्हणत नाहीत, ते विचारतात की खरं ठरवायला कुठला पुरावा लागेल. मुलांना शैलीप्रमाणे गटांत वाटा, मग प्रत्येक गटातल्या मुलांना चिठ्ठ्या टाकून वेगवेगळ्या पद्धतीने शिकवा, आणि शेवटी सगळ्यांची एकच परीक्षा घ्या. बघून शिकणाऱ्यांना चित्राने आणि ऐकून शिकणाऱ्यांना बोलण्याने जास्त फायदा झाला तरच शैलीप्रमाणे शिकवण्याला अर्थ. असा नीट अभ्यास त्यांना जवळजवळ मिळालाच नाही, आणि जे थोडे नीट केलेले होते त्यांतले बरेच उलटच सांगत होते.

मी हा भाग बोर्डवर दोन रेघांचा (एक बघून शिकणाऱ्यांची, एक ऐकून शिकणाऱ्यांची) आलेख काढून केला, आणि निकाल सांगायच्या आधी सगळ्यांना म्हटलं की शैली खऱ्या असतील तर रेघा कशा दिसतील ते आधी तुम्हीच काढा. मॅडमनीच पहिली काढली, एकमेकींना छेदणारी, बरोबर. स्वतः काढल्यामुळे पुढचं त्यांना माझ्याकडून ऐकावं लागलं नाही. त्या एवढंच म्हणाल्या की आकृती तर सगळ्यांनाच लागते मग. हो, तेच. त्रिकोणमितीत आकृती सगळ्यांनाच लागते, तो विषयाचा गुण.

फ्लेक्स काढायचा का? नाही काढला. ज्यांनी लावलाय त्यांनी काढावा, घाई नाही.

पद्धतीत बदल: इथून पुढे निकालाचं पान आधी द्यायचं नाही. प्रयोग सांगायचा, अंदाज लिहायला लावायचा, मग निकाल.

३१ ऑगस्ट, शनिवार

रोरर आणि टेलर, २००७. गणिताचा असल्यामुळे मी घेतला. चार अनोळखी घनाकृतींचं घनफळ काढायला शिकवलं. एका गटाला एका आकृतीची सगळी गणितं सलग, मग दुसरीची, तिसरीची. दुसऱ्या गटाला सगळी गणितं मिसळून. अंदाज लिहायला सांगितला तर बहुतेकांनी सलग गट पुढे लिहिला. सरावाच्या वेळी तसंच झालं, सलगवाल्यांची ८९ टक्के बरोबर, मिसळलेल्यांची ६०. आठवड्याने परीक्षा: सलगवाले २० टक्के, मिसळलेले ६३.

खोलीत पहिल्यांदा कुणीतरी "अरे बापरे" म्हणालं.

कारण समजायला सोपं आहे. धड्याखालची गणितं सलग करताना मुलाला पद्धत निवडायची गरजच पडत नाही, धड्याचं नावच उत्तर सांगून जातं. परीक्षेत वर धड्याचं नाव नसतं. आपल्या गाइडांची, कोचिंगच्या शीटांची आणि माझ्या स्वतःच्या ट्युटोरियलची रचना पूर्ण सलग आहे.

११ सप्टेंबर, बुधवार

गणपतीमुळे गट बंद, पण वर्ग चालू आहेत. दुसऱ्या वर्षाला इंटिग्रेशनची मिसळलेली शीट दिली. सब्स्टिट्यूशन, बाय पार्ट्स, पार्शल फ्रॅक्शन, तिन्ही पद्धती, क्रम उलटसुलट. मुलं वैतागली. "मैडम, पहले वाली शीट अच्छी थी, उसमें हो जाता था." एक मुलगी, अभ्यासू, तासानंतर येऊन रडवेली झाली की मला काहीच येत नाही असं वाटतंय.

दोन गोष्टी सापडल्या. एक, पार्शल फ्रॅक्शन मी नुकतंच दोन दिवसांपूर्वी शिकवलं होतं आणि ते मुलांच्या हाताला अजून बसलेलंच नव्हतं. जे अजिबात येत नाही ते मिसळून काही होत नाही. अगदी नव्या पद्धतीसाठी आधी सोडवून दाखवलेली उदाहरणं लागतात, स्वेलर आणि कूपरने १९८५ मधे बीजगणितावर हेच दाखवलंय. म्हणून आता नव्या प्रकाराची दोन-तीन सोडवलेली, मग त्याचीच दोन सुटी, आणि त्यानंतर मिसळ. दुसरं, मुलांना आधी सांगायला हवं. आज तासाला बोर्डवर ते चार आकडे लिहिले, ८९ आणि ६०, २० आणि ६३, आणि कुठले कधीचे ते सांगितलं. वर्ग बराच वेळ बघत होता. त्या मुलीने आकडे वहीत उतरवून घेतले.

मिसळलेली शीट बनवायला वेळ खूप लागतो, खोटं कशाला बोलू. पहिलीला पूर्ण रविवार गेला. नंतर युक्ती सापडली: नवीन गणितं शोधायचीच नाहीत, जुन्या तीन शीटा घ्यायच्या आणि फक्त क्रम मिसळायचा, अर्ध्या तासात होतं.

२१ सप्टेंबर, शनिवार

अनंत चतुर्दशीच्या झाँक्यांची (इथल्या रात्रभराच्या चित्ररथांच्या मिरवणुकीची) जागरणं उतरली, गट परत बसला. तीन आठवड्यांची गॅप नको होती असं काहींचं म्हणणं, पण मी म्हटलं बघूया, आणि कोऱ्या कागदावर सुरुवातीपासूनचं सगळं लिहायला लावलं.

शैलींचा आलेख आणि घनफळाचे आकडे, म्हणजे जिथे आधी अंदाज लिहिला होता ते, जवळजवळ सगळ्यांनी सांगितलं. रोडिगर-कार्पिकेचं ८३-७१-४०-६१ पण बहुतेकांकडे होतं, निदान दिशा तरी. पंचावन्न पानांमधलं मात्र ३ ऑगस्टला पुन्हा काढलं तेवढंच उरलंय. हा काही प्रयोग नाही आणि मी तसा दावाही करत नाही, पण ज्या गटाने हेच वाचलंय त्याने स्वतःच्या बैठका त्याच्याशी ताडून बघायला हव्यात ना.

मग गॅपचाच पेपर घेतला, सेपेडा वगैरे, २००८. उजळणीतलं अंतर किती ठेवायचं हे परीक्षा किती लांब आहे त्यावर ठरतं: परीक्षा आठवड्यावर असेल तर अंतर त्या काळाच्या २० ते ४० टक्के, वर्षावर असेल तर ५ ते १० टक्के. म्हणजे वर्षभराने आठवायला हवं असेल तर तीनेक ते पाचेक आठवड्यांनी पुन्हा काढा. आमच्या सिलॅबसमधे युनिट एक जुलैत संपतं आणि थेट फायनलला भेटतं. बॉटनीच्या मॅडमनी तिथेच टीचिंग प्लॅन काढून युनिट एकचे तीन प्रश्न सप्टेंबर आणि नोव्हेंबरमधे पेन्सिलने टाकले. आजच्या बैठकीतलं सगळ्यात चांगलं काम ते.

५ ऑक्टोबर, शनिवार

डेलोरियर्स आणि सहकारी, २०१९, हार्वर्डचा फिजिक्सचा वर्ग. पेपर फुकट मिळतो. काही मुलांना उत्तम वक्त्याचं लेक्चर, काहींना तोच मजकूर पण आधी स्वतः झगडून सोडवायचा. झगडणाऱ्यांना परीक्षेत जास्त मार्क, आणि त्यांनाच वाटलं की आपण कमी शिकलो.

यावरची चर्चा पेपरवर राहिली नाही, फीडबॅक फॉर्मवर गेली, आणि जायलाच हवी होती. आमच्याकडे मुलांचा फीडबॅक आयक्यूएसीकडे (कॉलेजच्या अंतर्गत गुणवत्ता समितीकडे) जातो, अपॉइंटमेंट वर्षावर असलेल्यांच्या रिन्यूअलला तो बघितला जातो. गटातला सगळ्यात तरुण सर, गेस्ट फॅकल्टी, सरळ म्हणाला, "मॅडम, तुमची नोकरी पक्की आहे, तुम्ही मुलांना झगडायला लावू शकता." यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. कुणाकडेच नव्हतं.

हा अडथळा वाचनाने सुटणारा नाही. तुम्ही गट सुरू करणार असाल तर आयक्यूएसीवाल्यांना पहिल्या दिवसापासून आत घ्या, आम्ही आज विचारतोय, तीन महिने उशिरा. केमिस्ट्रीचे सर स्वतःहून म्हणाले की कोऑर्डिनेटरशी मी बोलतो, माझं ते ऐकतील.

१९ ऑक्टोबर, शनिवार

सर बोलले. कोऑर्डिनेटर आज येऊन बसले, कोरा कागदही लिहिला. फीडबॅक फॉर्म बदलणं त्यांच्या हातात नाही, पण तासाच्या सुरुवातीची, मागचं आठवायला लावणारी पाच मिनिटांची क्विझ टीचिंग प्लॅनमधे अधिकृत लिहायला त्यांनी होकार दिला, म्हणजे कुणी "हे काय नवीन" म्हटलं तर कागद आहे. गेस्ट सरला पुरेल इतकं आहे का माहीत नाही, तो म्हणाला एका बॅचला करून बघतो.

आता क्विझचं, चौघांनी महिनाभर केली त्याचं. कॉमर्समधे सीसीईचे मार्क जोडले होते, आठवड्याच्या आत कॉपी सुरू. मार्क काढून टाकले, कॉपी थांबली, काही मुलं लिहायचीच थांबली पण बहुतेक लिहितात. गुगल फॉर्म करून बघितला, खालच्या मजल्यावर नेटवर्क नाही, दहा मिनिटं लिंक उघडण्यात. शेवटी पाठकोऱ्या कागदांच्या चिठ्ठ्या, ऑफिसातले काका रद्दी बाजूला ठेवतात, खर्च शून्य.

सगळ्यात मोठा ताण तपासण्याचा. कॉमर्सच्या मॅडमच्या वर्गात १२० मुलं, त्या रोज रात्री अकरापर्यंत चिठ्ठ्या तपासायच्या आणि सोडून द्यायच्या बेतात होत्या. तपासू नका! आठवण्याच्या कष्टातूनच फायदा होतो, शिक्षकाच्या लाल पेनातून नाही. बरोबर उत्तर मात्र लगेच सांगायलाच हवं, विशेषतः पर्यायी प्रश्न असतील तर, नाहीतर चुकीचा पर्यायच डोक्यात बसतो. आता त्या उत्तरं बोलतात, मुलं आपली आपण तपासतात, आणि मॅडम फक्त हात वर करायला सांगून कुठला प्रश्न जास्त चुकला ते बघतात.

१६ नोव्हेंबर, शनिवार

दिवाळीनंतरची पहिली बैठक, सहाच जण. दोघांना परीक्षेची ड्युटी, एज्युकेशनच्या मॅडम गावाला. त्यांनी जायच्या आधी स्टाफरूममधला त्रिकोण काढून ठेवला, शैलींचा तक्ता अजून आहे.

आतापर्यंतचा खर्च झेरॉक्स, चहा-कचोरी धरून दोन हजारांच्या आत, वर्गणी काढून. पेपरांची फाइल लायब्ररीत ताईंकडे ठेवलीय, प्रत्येक पेपरवर पहिल्या पानाला निकाल झाकून फक्त प्रयोग लिहिलेला कागद लावलाय, कुणालाही न्यायला.

पुढच्या टर्मपासून बैठक मी घेणार नाही, आळीपाळीने. पहिली ७ डिसेंबरला केमिस्ट्रीचे सर घेणार आहेत. पेपर कार्पिके आणि ब्लंट, २०११, कन्सेप्ट मॅप (संकल्पना रेघांनी जोडलेली आकृती) काढणं विरुद्ध आठवून लिहिणं, आणि सरांनी बजावलंय की निकाल आधी शोधून कुणी यायचं नाही.